जुन्या बाईकला आधी तिचं जन्मसाल विचारा

गड-किल्ले, लढाया, तह यावर आपण बोलतच असतो. आजचा विषय मात्र तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभा आहे. सेकंड हँड बाईक.

कॉलेजसाठी, पहिल्या नोकरीसाठी, डिलिव्हरीच्या कामासाठी पै पै जमवून गाडी घेतली जाते. घेताना आपण काय बघतो? रंग, मीटरवरचे किलोमीटर, आणि किक मारल्यावर चालू होते का. चालू झाली की व्यवहार पक्का, हार आणा, पेढे आणा.

पण "चालू होते का" ही परीक्षा साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी होती. तेव्हा ती पुरायची, कारण बाकीची दुरुस्ती मालक दर आठवड्याला स्वतःच करायचा. पुढे गाड्या अशा बनत गेल्या की त्यांच्याकडे कमीत कमी लक्ष द्यावं लागेल. सोय झाली, पण एक गंमतही झाली. दुर्लक्ष लपायला लागलं. आजची जुनी बाईक पहिल्या सेल्फला सुरू होते आणि आत काय बिघडलंय ते सांगतच नाही. म्हणून गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय तपासायचं, हे ती कुठल्या काळात जन्मली त्यावर ठरतं. तो काळ आज एकेक करून बघू.

जुनी गाडी नव्यापेक्षा महाग होती तेव्हा

स्वातंत्र्यानंतर देशात कारखानदारी लायसन्सवर चालायची. कोणी काय आणि किती बनवायचं, हे सरकार ठरवायचं. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट इथे बनू लागली. मुंबईच्या इराणी कुटुंबाने आयडियल जावा काढली. १९६१ साली म्हैसूरला तिचा कारखाना सुरू झाला आणि पुढे तीच गाडी येझदी नावाने गावोगाव पोचली. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या गाडीवरून राजदूत बनवली. आपल्याकडे पुण्यात आकुर्डीला बजाजचा कारखाना होता, आणि १९७२ साली चेतक स्कूटर आली.

मागणी प्रचंड, उत्पादन तुटपुंजं. चेतकसाठी नंबर लावून लोक कित्येक वर्षं थांबायचे. घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येकाकडे एक किस्सा निघेल. आणि म्हणूनच त्या काळात हातोहात मिळणारी वापरलेली स्कूटर कधी कधी नव्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैशांना जायची. अशा बाजारात घेणारा काय घासाघीस करणार? मिळतेय, चालतेय, घेऊन टाक!

पण तो घेणारा अडाणी नव्हता बरं का. डिकीत प्लग पाना, जादा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. त्या गाड्यांमध्ये ठिणगी पाडण्याचं काम कॉन्टॅक्ट पॉइंट करायचे, म्हणजे धातूची दोन टोकं सतत उघडझाप करायची. ती झिजायची, काळी पडायची. मधली फट साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागायची. ती बिघडली की गाडी फटफट करत रस्त्यात उभी. म्हणजे गाडी स्वतःच बोंब मारून सांगायची की माझ्याकडे बघ.

आजही हौसेने जुनी बुलेट किंवा येझदी घेणारे आहेत. तुम्ही त्यातले असाल तर पहिलं काम हे पॉइंट आणि टायमिंग बघण्याचं. आणि येझदी घेतलीत तर घाबरू नका, किक मारायची आणि गिअर टाकायची दांडी एकच असते. ती बिघडलेली नाही, ती तशीच बनवलीय.

निळा धूर: एकाच खुणेचे दोन अर्थ

राजदूत, येझदी, आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १००, या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनात वेगळं ऑइल साठवलेलं नसतं. ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. राजदूत-येझदीवाले पंपावर एका लिटरला साधारण ४० ते ५० मिलिलिटर ऑइल मिसळून घ्यायचे. आरएक्सला वेगळी ऑइल टाकी आणि पंप होता, म्हणजे मिसळायची कटकट गेली. पण ती टाकी रिकामी झाली आणि लक्ष गेलं नाही, तर पिस्टन सिलेंडरमध्ये जाम. गॅरेजच्या भाषेत, "इंजिन सीझ".

आता इथे लक्ष द्या. टू-स्ट्रोक गाडीने थोडा निळसर धूर सोडला तर ते तिचं रोजचं जगणं आहे. पण फोर-स्ट्रोक गाडीने, म्हणजे आजच्या जवळपास कुठल्याही बाईकने निळा धूर सोडला, तर ऑइल जिथे जळायला नको तिथे जळतंय. पिस्टनच्या रिंगा तरी गेल्यात नाहीतर व्हॉल्व्ह सील. ते काम हजारांत जातं. धूर एकच, पण गाडीचा काळ बदलला की अर्थ बदलला.

म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, "दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." इंजिन थंड असताना पहिल्यांदा सुरू करताना धूर बघा. मग गाडी तापल्यावर रेस देऊन सोडा आणि पुन्हा बघा. सकाळच्या थंडीत दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ मात्र नुसतं पाणी असतं, तिला घाबरायचं नाही. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल, तर का, ते विचारा.

प्लग काढून बघण्याची जुनी सवयही सोडू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलं आणि तेलकट म्हणजे ऑइल जळतंय. पांढरंफट्ट म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापतंय. साठच्या दशकातल्या मिस्त्रीने केलेलं हे निदान आजही तंतोतंत लागू पडतं.

१९८५: "विसरून जा" म्हणणारी गाडी

ऐंशीच्या दशकात सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीची दारं उघडली. सुझुकी, यामाहा, कावासाकी आल्या. पण खरा इतिहास घडवला हिरो होंडाने. १९८४ साली कंपनी, १९८५ साली सीडी १००. १०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन. जाहिरात होती, "फिल इट, शट इट, फर्गेट इट". पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा.

लोकांनी ते शब्दशः घेतलं! १९९४ साली स्प्लेंडर आली आणि दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे तिच्यावर बसले. गाडी इतकी गुणी, की लोक पेट्रोलबरोबर ऑइलही विसरले.

आणि इथेच मेख आहे. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला दर वेळी ताजं ऑइल मिळायचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असायचं. फोर-स्ट्रोकमध्ये साधारण एक लिटर ऑइल पिस्टन, क्लच आणि गिअर, तिन्ही सांभाळतं. तेच ते ऑइल फिरत राहतं. ते काळं पडलं, कमी झालं, तरी गाडी चालत राहते. पॉइंट बिघडल्यावर येझदी जशी बोंब मारायची, तशी ही मारत नाही. ही आतल्या आत झिजते.

म्हणून फोर-स्ट्रोक बाईक घरी आणल्यावर पहिलं काम, ऑइल बदला. विकणारा "कालच बदललंय" म्हणाला तरी बदला. जुनं ऑइल एखाद्या डब्यात काढा आणि बघा. काळं असणं ठीक. पण चमकणारे धातूचे कण दिसले, किंवा रंग दुधाच्या कॉफीसारखा असला, तर प्रकरण गंभीर आहे. कण म्हणजे आतलं काहीतरी घासलं जातंय, कॉफी म्हणजे पाणी शिरलंय. नवीन ऑइल मोटरसायकलचंच घ्या. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे तो घसरायला लागतो.

टॅपेटचा आवाजही या काळाची देणगी. वरून टकटक येत असेल तर व्हॉल्व्हची फट वाढलीय, ती सेट करता येते. स्वस्त काम आहे. खालून खडखड येत असेल तर क्रँकचं दुखणं असू शकतं, आणि ते स्वस्त नाही. मिस्त्रीच्या कानावर घाला.

झाकलेली चेन, उघडी डिस्क

त्या काळातल्या घरगुती बाईक्सची चेन पूर्ण कव्हरमध्ये असायची. साडी, धोतर, चिखल, सगळ्यांपासून बचाव. पण झाकलेलं दिसत नाही, आणि न दिसणारं कोणी तेल घालत नाही. अशा गाडीच्या चेन कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली करून बघा. साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ असावा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात मिळेल. उघडी चेन असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. ती दातापासून स्पष्ट उचलली गेली तर चेन संपली. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, नाहीतर जुने दात नवी चेन खातात.

मग २००१ उजाडलं. चाकणच्या कारखान्यातली पल्सर आली आणि बाईक म्हणजे नुसतं मायलेज नाही, जोर आणि वेगही, हे महाराष्ट्राच्या पोरांच्या डोक्यात बसलं. वेग वाढला तसे ब्रेक बदलले, पुढच्या चाकाला डिस्क आली.

ड्रम ब्रेक आणि डिस्क ब्रेक वेगवेगळ्या पद्धतीने म्हातारे होतात. ड्रमच्या बाहेर एक बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला तर ब्रेक शू संपले. डिस्कमध्ये पॅडची जाडी बघायची, चकतीवर खोल चरे आहेत का बघायचं, आणि हँडलवरच्या छोट्या डबीतलं ब्रेक ऑइल बघायचं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. साधारण दोन वर्षांनी बदलायला हवं. ते गडद चॉकलेटी झालं असेल तर घाटात उतरताना, सतत ब्रेक दाबून तापल्यावर, लिव्हर स्पंजासारखा आत जाऊ शकतो. किक मारून हे कधीच कळणार नाही.

२००३ साली पल्सरमध्ये एका सिलेंडरला दोन प्लग आले. म्हणजे त्या घराण्यातली गाडी असेल तर दुसरा प्लगही काढून बघा. दिसणारा बदलला जातो, लपलेला राहून जातो.

पुराचं पाणी कुठे राहतं

आपल्या राज्याचा एक इतिहास थेट गाड्यांच्या पोटात लिहिलेला आहे. २६ जुलै २००५, मुंबई. एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. ऑगस्ट २०१९, कोल्हापूर आणि सांगली. जुलै २०२१, चिपळूण आणि महाड. असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही दुरुस्त झाल्या, धुतल्या, पॉलिश झाल्या आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या.

पॉलिश वरून होतं, गाळ आतून जात नाही. सीट काढा, वायरिंगच्या जोडांमध्ये वाळलेली माती आहे का बघा. हेडलाइटच्या आत, मीटरच्या काचेमागे पाण्याची रेघ आहे का बघा. झाकलेल्या जागी असलेले बोल्ट बाकी गाडीपेक्षा जास्त गंजलेत का बघा. पुरात गेलेली गाडी घेणं हा गुन्हा नाही, पण मग त्या हिशोबाने भाव ठरला पाहिजे. आणि चाकांचे बेअरिंग, ब्रेक, वायरिंग, सगळं उघडून बघितल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही.

तीन वेळा १ एप्रिल

अलीकडचा इतिहास एकाच तारखेभोवती फिरतो.

पहिला, १ एप्रिल २०१७. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. दोन दिवसांत माल खपवायला शोरूमनी हजारो रुपयांची सूट दिली, बाहेर रांगा लागल्या. त्यामुळे मार्च २०१७ ची नोंदणी असलेली गाडी दिसली, तर आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्षही वाचा. त्याच तारखेपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहायला लागला. म्हणजे २०१८ ची म्हणून दाखवलेल्या गाडीला हेडलाइट बंद करायचं बटण असेल, तर काहीतरी बदललेलं आहे.

दुसरा, १ एप्रिल २०१९. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस सक्तीचं झालं. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. कायम लागलेला असेल तर बिघाड. कधीच लागत नसेल तर जास्त संशय, कोणीतरी तो बंद करून ठेवलाय का? सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पुढे ड्रम असेल तर त्याचा आर्म हलताना दिसतो. केबल काढून टाकलेल्या गाड्या असतात, म्हणून बघायचं.

तिसरा, १ एप्रिल २०२०. बीएस-६. कार्बोरेटर जवळपास संपला, फ्युएल इंजेक्शन आलं. चोक गेला, बऱ्याच मॉडेलची किकही गेली. म्हणजे आपली "किक मारून बघ" परीक्षा अक्षरशः मारायलाच उरली नाही! आता बॅटरी जीव की प्राण. इंजिनचा छोटा पिवळा दिवा चावीला लागून इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हे बघा. आणि आवाजासाठी सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या. नाहीतर अनेक शहरांत पोलीस असे सायलेन्सर रोलरखाली कसे घालतात, ते व्हिडिओ तुम्ही बघितलेच आहेत.

तपासणीत कागदही येतात

आपल्याकडे एक जुनी सवय आहे. सही केलेले कोरे फॉर्म घ्यायचे, "नावावर नंतर करू" म्हणायचं आणि गाडी चार हात फिरवायची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच.

याला फार महत्त्व आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेलेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर. अपघात झाला, माणूस गेला. न्यायालयाने सांगितलं, कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याच्या नावावर नोंद आहे. म्हणजे विकणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार. आणि घेणाऱ्याचं काय? तुमच्या गाडीचं नुकसान झालं आणि विमा जुन्या मालकाच्याच नावावर असला, तर कंपनी तुमचा दावा नाकारू शकते. ब्रेक जितका महत्त्वाचा, तितकंच आरसीवरचं नाव.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, नुसत्या फोटोवर जाऊ नका. कर्जाची नोंद असेल तर ती काढल्याचा कागद मागा. आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, हे २००८-१० च्या आसपासची गाडी घेताना विसरू नका. पुढे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर लागतो.

मग पहिल्या आठवड्यात करायचं काय?

क्रम सोपा ठेवा. आधी ज्याने जीव वाचतो ते, मग ज्याने इंजिन वाचतं ते, मग ज्याने पैसे वाचतात ते.

पहिल्या दिवशी ब्रेक आणि टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी बाजूला भेगा असतील तर टायर म्हातारा आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्येच अडकल्यासारखं झालं तर कोन सेट गेलाय. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रिंग दिसली तर सील गेलंय. सगळे दिवे, इंडिकेटर, हॉर्न बघा.

दुसऱ्या दिवशी ऑइल, एअर फिल्टर, प्लग. पेट्रोलची रबरी नळी कडक झाली असेल तर बदलून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. नळी स्वस्त आहे, पेट घेतलेली गाडी नाही.

तिसऱ्या दिवशी चेन, क्लच आणि गॅसच्या केबल. आणि मग आरटीओचं काम लगेच, महिनाभर थांबू नका.

मीटरवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. पायाखालचं फूटरेस्टचं रबर, गिअरच्या दांडीचं रबर, ब्रेक पॅडल बघा. मीटर १५ हजार म्हणतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, तर रबरावर विश्वास ठेवा.

येझदीवाल्या आजोबांना तपासणीची यादी लागत नव्हती, कारण त्यांची गाडी रोज तक्रार करायची. आपल्या गाड्या गप्प बसतात. म्हणून विचारायचं काम आपलं, आणि पहिला प्रश्न एकच: बाई, तुझा जन्म कुठल्या सालचा?

हा भाग गाडी घेणाऱ्या मित्राला नक्की पाठवा, व्यवहार व्हायच्या आधी पाठवलात तर उत्तमच. हेल्मेट घाला, पट्टा लावा, आणि पुढच्या भागात भेटू.